केवढा मोठा गणपती!

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आणि बायको सुचेता बंगळुरात हेब्बाळहून एक सेकंडहँड हॉट टब टेम्पोत घालून सर्जापूर रोडला घरी आणत होतो. वर केशरी चादर टाकली होती. ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा टेम्पोवाला अण्णा म्हणाला, "सर, स्वल्प मोरया म्हणा!"

मी ओरडलो मात्र, रस्ता मोकळा! पोलिसानेसुद्धा हात जोडले. पुढे तर ढोलवालेही मागे लागले.

ढोल ऐकून शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्का आरतीचं ताट घेऊन गेटवर आल्या. अख्खी सोसायटी त्यांच्या मागे.

"केवढा मोठा गणपती! विसर्जन कुठं करणार?"

सुचेताने सरळ चादर ओढली.


"बाप्पा उद्या येतायत, अक्का. हा विसर्जनाचा हौद!"