तेका अर्थच नाय

"तेका अर्थच नाय," परशुराम म्हणाले आणि तेजस्वीने लेकीला जवळ ओढलं.

नमूने नुकतंच आईच्या हातातल्या मोबाइलकडे बोट करून ठासून म्हटलं होतं, "वो!" आणि त्यावर आजोबांचं हे उत्तर.

मग तिने नीट बघितलं. सासऱ्यांचं नातीकडे लक्षही नव्हतं. ते ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यापाशी उकिडवे बसले होते. बागेत फिरवायचा हा छोटा ट्रॅक्टर तिच्या नवऱ्यापेक्षा, सुशांतपेक्षा, वयाने थोडाच लहान. "करंट येता बरोबर," ते मुलाला सांगत होते. "पण परत जाऊक वाट नको? अर्थ नाय!"

अर्थ म्हणजे अर्थिंग. दिव्यात आलेली वीज ट्रॅक्टरच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जाते, ती वाट कुठेतरी अडली होती.

तेजस्वीने श्वास सोडला. शब्द मात्र मनात रुतला तो रुतलाच. नमूला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तिच्याकडे हा एकच आवाज होता. फ्रिज उघडला की वो. तिन्हीसांजेला तुळशीपाशी वो. काळोख पडताना खिडकीतून समुद्रावरच्या होड्या बघून वो. बाबाच्या मोबाइललाही वो. तेजस्वीने खूप जुळवून बघितलं. फ्रिज, तुळस, होडी आणि मोबाइल यांना एक शब्द कसा असेल? ती वाढली ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. दोन बोलींत लेकीचा गोंधळ नको म्हणून तिच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायची. आई म्हण. पाणी म्हण. दिवा म्हण. नमू गोड हसायची. पुढच्या आठवड्यात ओरोसला डॉक्टरांकडे जायचं होतं. ते काय विचारतील आणि आपण काय सांगू, एवढंच तेजस्वीच्या डोक्यात फिरत होतं.

आज मात्र गावची जत्रा होती. वाडीतल्या बायका-पोरांना ट्रॉलीत घेऊन निघायचं, परतताना पाणंदीत मिट्ट काळोख. "लाइट नसतील तर मी आणि नमू येणार नाही," असं तेजस्वीने सकाळीच सांगून टाकलं होतं. म्हणून बापलेक दुपारपासून ट्रॅक्टरला चिकटले होते.

"फ्यूज बदललो, बल्ब बदललो, स्विच पुसलो," सुशांत घाम पुसत म्हणाला. "आता काय बदलूचा रवला?"

"तुझा डोक्या."

"बाबानू, दसऱ्यापर्यंत बरे पेटत होते हां दिवे."

"दसऱ्याकच तू तेका नवऱ्यासारखो सजवलंस ना! चाकापासून टोपीपर्यंत लालभडक. तेवापासून लाजता तो. डोळे उघडूक तयार नाय."

सुशांत हसत हसत, दिव्याचा स्विच चालूच ठेवून, बॅटरीची टोकं घासायला मागे गेला. परशुरामही त्याच्या मागे. जाताना त्यांनी नातीला उचलून बॉनेटवर बसवलं. "बस हयसर, शेठाणी. लक्ष ठेव."

तेजस्वीने लगेच पुढे होऊन तिचा फ्रॉक मुठीत धरला. नमू पाय हलवायला लागली. पायातले चांदीचे वाळे नव्या रंगावर टणटण आपटत होते. बॉनेटच्या कडेला रंगाचा टवका उडाला होता.

आणि दिवा पेटला.

क्षणभरच. नमूचा पाय हलला आणि तो विझला.

"वो!" नमू म्हणाली. मग वाकून काचेत डोकावली. "वो?"

तेजस्वीने खाली बघितलं. वाळ्याची एक बाजू दिव्याच्या काचेभोवतीच्या लोखंडी कडीला टेकली होती, दुसरी त्या टवक्यातल्या उघड्या लोखंडाला. तिने आधी लेकीला उचलून कडेवर घेतलं, पाय नीट तपासला. "बाबा! इथे पेटला होता!"

"काय पेटला?" सुशांत धावत आला.

"खंयचो दिवो पेटलो गो?" परशुराम विचारत होते.

"वो!" कडेवरून नमू जोरात म्हणाली.

तेजस्वी थबकली. तिने लेकीच्या पायातला वाळा काढला आणि पुढे धरला. "शॉक नाही ना बसणार?"

"बारा व्होल्टाक काय होता? लाव," सुशांत म्हणाला.

तिने वाळा दिव्याच्या कडीला आणि उघड्या लोखंडाला एकदम टेकवला. दिवा पिवळाधमक पेटला. नमूने टाळ्या पिटल्या. "वो! वो!"

"होय गो बाये, दिवो," आजोबा म्हणाले. रोज तिन्हीसांजेला नातीला कडेवर घेऊन ते म्हणत, तसंच. चल बाये, दिवो लावया.

दिवो.

तुळशीतलो दिवो. फ्रिज उघडला की आत लागतो तो. होड्यांवरचे. मोबाइलचा. तेजस्वी पुस्तकातल्या दिव्याची वाट बघत बसली होती आणि लेक कधीची मालवणीत बोलत होती.

परशुरामांनी स्विच बंद करून दिव्याचा नट सैल केला. खाली लाल रंगाचा जाड थर. "सुशांता, अर्थाच्या तोंडाक पण रंग फासलंस रे!" त्यांनी सुरीने तो खरवडला, लोखंड चकचकीत केलं आणि नट आवळला. मग दुसऱ्या दिव्याचा. स्विच दाबला. दोन्ही दिवे लख्ख पेटले, समोरची केळ उजळली, वाटेवरून हाळी आली, "येवा रे ट्रॅक्टर घेवन!"

"अर्थ गावलो गो, तेजस्वी!" परशुराम सुरी नाचवत ओरडले.

तेजस्वीने लेकीच्या गालावर गाल टेकवला. हसता हसता तिचे डोळे वाहत होते.

"माका पण, बाबा," ती म्हणाली.