अब्बांच्या शेजारची जागा

रहमतची लघवी अडवून बसलेली प्रोस्टेटची गाठ डॉक्टरांनी काढली, औषधाच्या पाण्यात बाटलीबंद केली आणि घाईघाईत, काही न सांगता, त्याच्या भावाच्या, जफरच्या हाती दिली. अंगाचा तुकडा मातीलाच द्यायचा, ही घरची रीत. जफरने तो बाटलीसकट पुसदच्या कब्रस्तानात, अब्बांच्या शेजारी पुरला.

"अरे, ती नागपूरला तपासायची होती! कॅन्सर आहे की नाही, आता कसं कळणार?" डॉक्टर ओरडले.

जफर कब्रस्तानात तीच जागा पुन्हा उकरत होता, अन् फाटकाबाहेर रहमतच्या बायकोचा, हमीदाचा पाय एका जागी ठरत नव्हता. बाटली शाबूत निघाली.

"खड्डा तसाच नोको ठेवू, भाऊ. उघडा खड्डा माणूस मागते," म्हणत तिने कडुनिंबाचं रोप आत दिलं.

आठवड्याने जफर नागपूरहून आला. "भाभी, साधी गाठ हाय! वय झालं की लय जनायले होते, पण जीव नाही घेत."

खाटेवरून रहमत कुरकुरला, "लेका, अब्बाच्या बाजूची ती जागा म्या माह्यासाठी धरली होती."

"आता तिथं निंब हाय," हमीदा डोळे पुसत म्हणाली. "त्याची सावली पडेस्तोर तिकडं जायाचं नाव नाही काढाचं."