सोमवारी गायब होणारं फोल्डर

“पुन्हा गेलं हो फोल्डर,” बाई म्हणाल्या.

“गेलं नाही मॅडम, लपलं असेल,” सत्तेचाळीस नंबर म्हणाला.

अँटिव्हायरसच्या त्या हेल्पलाइनवर नावं सांगायची पद्धत नव्हती. प्रत्येकाला एक नंबर, आणि काय बोलायचं ते लिहिलेला एक कागद. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. गेले पाच महिने बाईंचा हा फोन चुकला नव्हता. सत्तेचाळीस नंबरच त्या मागायच्या. दुसऱ्या कुणी उचलला तर “चुकून लागला” म्हणून ठेवून द्यायच्या.

तक्रार तशी साधी. कॉम्प्युटरवर फोटोंचं एक फोल्डर होतं आणि त्याच्यावर ‘हिडन’ची खूण होती. लपवलेल्या फाइली दाखव, असं सेटिंग केलं की ते दिसायचं. पण रविवारी अँटिव्हायरसची झाडलोट व्हायची. आपलं सेटिंग कुणीतरी बिघडवलंय असं समजून तो ते पूर्ववत करायचा. सोमवारी फोल्डर गुल. कुणाचीच चूक नाही आणि बाई हैराण.

“चष्मा घेता का जवळ?”

“तोच सापडत नाहीये. इथे टेबलावरच ठेवला होता मेला.”

“फ्रिजवर बघा. पुष्कळांचा तिथेच राहतो.”

चपलांचा आवाज लांब गेला आणि परत आला. “काखेत कळसा नि गावाला वळसा! तिथेच होता की.”

तो हसला. आठवड्यातलं पहिलंच हसू. काल रविवारी त्याच्या तोंडून दिवसभरात दोनच शब्द निघाले होते, दुकानदाराला म्हटलेले ‘पिशवी नको’. भाड्याच्या खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर कपडे. दुसरं कुणी येऊन बसण्याचा प्रश्नच नव्हता. दहा वर्षं त्याने अशीच काढली होती. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात ते साफ खोटं असतं, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच कळलं होतं.

मागून खांद्यावर टकटक झाली. टीम लीडर. वयाने त्याच्याहून लहान, पण अधिकाराला वय नसतं.

“एक मिनिट, मॅडम.” त्याने फोन होल्डवर टाकला.

“एकाच तक्रारीचे बावीस फोन?” टीम लीडर म्हणाला. “जखम मांडीला नि मलम शेंडीला लावताय तुम्ही. दर वेळी सेटिंग कसलं बदलता? त्या फोल्डरवरची हिडनची टिकच काढून टाका. विषय संपला. कालच्या भरतीतल्या माणसालाही कळेल एवढं.”

त्यालाही ते पहिल्या दिवसापासून कळत होतं.

“आधीच एक मेमो आहे तुमच्या नावावर. आज मिटवा, नाहीतर पुढच्या सोमवारी हा फोन मी दुसऱ्याकडे देतो. आणि घरी करणारं कुणी नाही का त्यांच्या? मुलगाबिलगा?”

“असता तर इथे कशाला फोन केला असता?”

मेमो पहिल्याच फोनचा होता. “मिस्टर गेले हो महिन्यापूर्वी,” बाईंनी सांगितलं होतं. “कॉम्प्युटर त्यांचा. मला यातलं ओ की ठो कळत नाही.” त्यावर सत्तेचाळीस नंबरने आवाज बंद करायचं बटण दाबलं होतं. तीस सेकंदांची मुभा असताना चांगली दोन मिनिटं. “माफ करा, वायर सैल झाली होती,” परत आल्यावर तो म्हणाला. “होतं असं,” बाई म्हणाल्या होत्या. लोकांची दुःखं ऐकून हळवं व्हायचा पगार इथे मिळत नाही, असं टीम लीडरने त्याला सुनावलं होतं.

आता हा फोन बंद झाला की सोमवार मंगळवारासारखाच होणार होता. पण बाई दुसऱ्या कुणाशी बोलणार, हे त्याला त्याहून सोसलं नसतं. त्याने होल्ड काढला.

“मॅडम, आज कायमचंच करून टाकू.”

“कायमचं?” बाईंनी विचारलं. “म्हणजे परत फोन करायला नको?”

“नको.”

“असं होय.”

त्याने नेहमीचं सेटिंग करायला सांगितलं. बाईंना ते आता पाठ होतं.

“दिसलं. नेहमीसारखंच फिकट.”

“त्याच्यावर उजवं बटण दाबा. सगळ्यात खाली प्रॉपर्टीज. तिथे हिडनपुढे टिक असेल.”

“आहे. ही व्हायरसने केली का हो?”

“नाही. व्हायरस असं एकच फोल्डर निवडून लपवत नाही. कुणीतरी हाताने केलीय.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“मग यांनीच,” बाई म्हणाल्या. “या फोटोंतल्या माणसाचं घरात नाव काढायचं नाही, अशी ताकीद होती. मला वाटायचं, पुसूनच टाकले असतील. पुसले नव्हते हो. लपवून ठेवले होते.”

त्याचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. टीम लीडर मागेच उभा होता. त्याने हात मागे घेतला.

“टिक काढा,” तो म्हणाला. “आता ओके दाबा.”

“दाबलं. ठळक झालं की.”

“आता ते कधीच लपणार नाही.”

कागदावरचं शेवटचं वाक्य उरलं होतं. पाठ होतं, तरी त्याने ते बघून वाचलं. “आणखी काही मदत हवी आहे का?”

“हवी आहे,” बाई म्हणाल्या. “बाबा गेल्याचं सांगितलं, तेव्हा वायर सैल झाली होती ना तुझी? तिथे एकटा रडू नकोस, बाळा. घरी ये.”