चिकटपट्टी

धाकटीच्या शाळेत पानगळीचा कार्यक्रम होता. पुठ्ठ्याच्या झाडावरची वाळकी पानं सारखी निसटायची, म्हणून बाईंनी चिकटपट्टीचं रीळ तिच्याच हाती सोपवलं. केवढी मोठी कामगिरी! उरलेलं रीळ घेऊनच ती घरी आली.

संध्याकाळी आजोबांचा वाढदिवस. केक कापताना आजोबा नेहमीचं बोलले, "आमचं काय, पिकलं पान! आज आहे, उद्या नाही." सगळे हसले. धाकटी मात्र उठली आणि तिने आजोबांची बाही खुर्चीच्या हाताला गच्च चिकटवून टाकली.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. तिच्या बाबाचा थोरला भाऊ गाडी घेऊन आला होता. आजोबांची इथली पाळी संपली, आता सहा महिने त्याच्याकडे. भावाभावांत तसंच ठरलेलं. बॅग सकाळपासून दाराशी होती. बाबा वाकला आणि नखाने पट्टी सोडवू लागला. "जपून, बाही फाटेल," तो म्हणाला.



आजोबांनी दुसरा हात नातीपुढे धरला. "हीपण चिकटव गं, राणी. एका बाहीने भागायचं नाही."