दोन बाद शहाण्णव

पाचवी विकेट पडली तसे सदानंद खुर्चीतून अर्धे उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून ओरडले, "लक्ष्मी, तुला किती वेळा सांगितलं, मॅच चालू असली की बाहेर येत जाऊ नको!"

दारात कोणी नव्हतं. लक्ष्मी सकाळच्या एसटीने मुरबाडला गेली होती, धाकट्या बहिणीकडे.

तीस वर्षांची सवय, जाते थोडीच. भातसानगरला धरणाच्या कॉलनीत राहायचे तेव्हा रंगीत टीव्ही त्यांच्याच क्वार्टरमध्ये होता. मॅच असली की शेजाऱ्यांची सगळी लाइन तिथं जमायची. एकदा लक्ष्मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि एकाच ओव्हरमध्ये आपले दोघे गेले. "आत जा गो बाई, नाय तर सगळी टीम घरी पाठवशील," सदानंद म्हणाले. खोली खदखदून हसली. पुढच्या मॅचला ते पुन्हा म्हणाले, लोक पुन्हा हसले. मग तो घरचा रिवाजच झाला. पाहुणा आला की सदानंद सांगायचे, "समोरच्यांचा बारावा खेळाडू आमच्या स्वयंपाकघरात असतो." लक्ष्मीही तोंडाला पदर लावून हसायची. पुढे पुढे तर ती बाहेर यायचीच नाही. दाराआडून बांगड्यांचा हात यायचा, कप लादीवर ठेवायचा आणि मागे जायचा.

लंचला दोन बाद शहाण्णव होते. जिंकायला एकूण एकशे साठ हवे होते. मैदान घरचं, खेळपट्टी आपल्याच फिरकीसाठी बनवलेली. लक्ष्मीने करून ठेवलेलं जेवण सदानंदांनी टीव्हीसमोरच बसून खाल्लं. आणि लंचनंतर रांग लागली. एक पायचीत. एक स्लिपमध्ये. एक तर चेंडू सोडून द्यायला गेला आणि त्याचाच स्टंप उडाला. आपण केलेली खेळपट्टी आपल्यालाच गिळायला लागली.

त्यांची नात नम्रता खाली बसून, मोज्यात घातलेला जुना चेंडू नव्या बॅटवर ठोकत होती. खेळण्याआधी बॅट अशी ठोकून मुरवायची होती. उद्या तिची पहिली मॅच. तालुक्याची मुलींची टीम, शहापूरचंच मैदान, आणि बारा वर्षांची ही पोर ओपनिंगला. आठवडाभर ती आजीच्या मागे होती, "आजी, तू ये ना. एकदाच ये." आणि आजी नेमकी आज निघाली. पोर रडली. सदानंदांचा तोल सुटला. "विपुल नऊ वर्षं खेळला, आई असून एकदा बघायला गेली नायस. आता त्याच्या पोरीची पण तीच गत. तुला कसली हौसच नाय." लक्ष्मीने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेली.

आठवी विकेट पडली. नम्रताचं ठोकणं थांबलं.

"आजोबा, आजी तर घरात नाय. मग ह्या कोणी पाडल्या?"

सदानंदांना हसू आलं नाही. ते दाराजवळच्या लादीकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी तो कप कधी तिच्या हातातून घेतला नव्हता. हात आत गेल्यावरच ते वाकायचे. विकेट पडायला नको म्हणून.

एकशे चोवीसला सगळे बाद झाले. अठ्ठावीस धावांत आठ जण. सदानंदांनी टीव्ही बंद केला आणि फोन हातात घेतला. मनात वाक्य जुळवून ठेवलं: तू इथं नव्हतीस, तरी सगळे गेले. तुझं काहीच नव्हतं गो. उद्या ये.

फोन मेहुणीने, सुंदराने उचलला. "जय भीम, दाजी. ताईला देते. टीव्हीसमोर बसून रडतेय बघा."

"टीव्हीसमोर?"

पलीकडे बांगड्या वाजल्या.

"रागावू नका हं," लक्ष्मी घाईघाईने म्हणाली. "माझ्यामुळंच झालं. जेवणाच्या सुट्टीनंतर बसले मी बघायला. बसले आणि लागलीच पडायला लागल्या. तरी उठले नाय. म्हटलं, आता थांबतील, आता थांबतील."

"अगं लक्ष्मी, मी चेष्टा करायचो!"

"चेष्टा तुमची होती. विकेटी तर पडायच्याच ना?" ती पुढे म्हणाली. "विपुल खेळायचा तवा मी मैदानाच्या मागच्या रस्त्यानं पण जात नव्हते. माझ्या डोळ्यानं माझाच पोर बाद व्हायला नको. पण नमूनं या वेळी लय जीव काढला. म्हणून म्हटलं, एकदा तपासून बघावं. घरी तुमी बसू दिलं नसतं, म्हणून हितं आले. आज आपले टिकले असते ना, तर उद्या पहिल्या एसटीनं आले असते. पिशवी अजून सोडली पण नाय."

सदानंदांनी जुळवलेलं वाक्य आता कशाच्याच कामाचं राहिलं नव्हतं. नम्रता बॅट छातीशी धरून समोर येऊन उभी राहिली होती. "येतेय ना आजी?"

तिचा आवाज पलीकडे पोचला असावा.

"पोरीला सांगा," लक्ष्मी म्हणाली, "आजी लांब हाय. मुरबाड सोडून कुटं येत नाय. म्हणावं, बिनघोर खेळ."