पासवर्ड मॅडमकडे

वॉर्डातले पेशंटचे मॉनिटर नेटवर्कने जोडून त्यांची धोक्याची घंटा वॉर्डभर ऐकू जायची सोय इंजिनिअर मॅडमनी केली, पण त्या नेटवर्कचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवला.

"अहो, कनेक्शन तुटलं तर जोडण्यापुरता तरी आम्हाला द्या की," सिस्टर म्हणाल्या. "तिजोरी आहे का ही?"

"मग उद्या कुणीही येऊन उचापती करेल, सिस्टर. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे."

काल दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतला मॉनिटर नेटवर्कवरून तुटला. मॅडमचा फोन लागेना. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे धावल्या आणि कोपऱ्यातल्या खोलीतली धोक्याची घंटा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

आज मॅडमनी सगळी तपासणी केली. "निश्चिंत राहा सिस्टर, सिस्टीममध्ये एकही परका माणूस शिरलेला नाही."

कोपऱ्यातल्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवरची चादर काढता काढता सिस्टर म्हणाल्या, "हो मॅडम. मलाही शिरता आलं नाही."