एफच्या आधी

या वेळी गिटारवर एफ कॉर्ड नीट लागला.

सुताराने पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबलं, बाकीची तीन जागेवर बसवली आणि हात खाली ओढला. एकही तार बद्द वाजली नाही. गाणं न अडता पुढे गेलं आणि कडव्याच्या शेवटी जाऊन टेकलं.

"झालं की हो काका," गिटार शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "कॉलेजची पोरं या एका कॉर्डपाशी सहा-सहा महिने रडतात. बोटं दुखतात म्हणून सुट्ट्या मागतात."

"माझी बोटं आधीच लाकडाची," सुतार म्हणाला. पण हसला नाही.

"पुन्हा घ्या. मी गाते."

गाणं इंग्रजी होतं, जुनं, हॉटेलात आणि लिफ्टमध्ये वाजणारं. सुताराला त्यातला शब्द कळत नव्हता. त्याच्या कानात ते घरातलं होतं. बायको पुढच्या खोलीत हीच गिटार घेऊन ते वाजवत बसायची, तो मागच्या शेडमध्ये रंधा मारायचा. एफ आला की ती अडायची. "थांब हं, थांब," असं गाण्यालाच सांगायची आणि मग पुढे जायची. तेवढा वेळ त्याचाही रंधा फळीवर थांबायचा.

"बसला का गं?" तो शेडमधूनच विचारायचा.

"तुम्ही तुमचं काम बघा."

त्याने पुन्हा वाजवलं. एफ पुन्हा स्वच्छ लागला. बाई गातच पुढे गेल्या. मधे श्वासाएवढीही जागा उरली नाही.

सुताराने तारांवर तळहात ठेवला. "इथं ती थांबायची."

बाईंनी गाणं थांबवलं. त्याच्या बायकोला त्यांनीच दीड वर्ष शिकवलं होतं, तिच्या शेवटच्या आजारापर्यंत. "काकूंना हा जमत नव्हता म्हणून थांबायच्या, काका. मूळ गाण्यात थांबत नाहीत."

"मूळ गाणं मी कुठं ऐकलंय."

गिटार मांडीवर आडवी ठेवून तो भोकाकडे बघत बसला. "मला जमत नव्हतं तोवर बरं होतं. अडखळलो की वाटायचं, आता ती 'थांब हं' म्हणेल. पण बोटं शिकली बघा. आपोआप जाऊन बसतात."

"मग मुद्दाम थांबा ना."

"थांबलो काल घरी. नुसती शांतता होते."

बाईंनी स्वतःची गिटार जवळ ओढली. आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पहिलं बोट तारांवर आडवं ठेवलं, थोडं तिरकंच. मधलं बोट ठेवलं. अनामिका ठेवली. करंगळी एक तार खाली पडली. मान वाकवून त्यांनी ती बघितली, उचलली, हवेत जराशी धरली आणि जागेवर ठेवली.

"अशा करायच्या काकू. दर वेळी. करंगळी आधी खालच्याच तारेवर."

सुतार बघत राहिला. शेडमधून हे कधी दिसलं नव्हतं.

त्याने गिटार सरळ केली. पहिलं बोट तिरकं ठेवलं. मधलं. अनामिका. मग जाडजूड करंगळी मुद्दाम चुकीच्या तारेवर टेकवली आणि लगेच उचलली.

"अजून हळू," बाई म्हणाल्या. "त्यांना घाई नसायची."